आधी पाव घे

किल्ल्यावर लगेच जाऊ नकोस, देस्पिना म्हणाली,
रात्रीची बस तुझ्या अंगात अजून हिंदकळतेय.
आधी पाव घे. उताराच्या तळाशी भट्टी आहे,
सातच्या आत जा, नंतर शाळेतली पोरं काही ठेवत नाहीत.
आणि हो, दोन घे.

ओह्रिदला मी चार दिवसांसाठी आलो होतो.
नकाशावर लाल पेनाने सात खुणा.
तिने तो पाहिला, काही बोलली नाही,
कॉफीचं पितळी भांडं त्याच्यावर टेकवलं.

चौकात जुनाट झाड आहे, नऊशे वर्षांचं म्हणतात.
त्याच्या ढोलीत म्हणे कधी काळी न्हावी बसायचा.
चिनार, मी म्हणालो.
चिनार, ती म्हणाली,
आणि भाजीची पिशवी खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.
मग खेळच सुरू झाला.
दुकान. दुक्यान.
साबण. सापुन.
बाजार. पाझार.
दुश्मनसुद्धा निघाला ओळखीचा.
मोहब्बतपाशी मात्र अडलो.
आमच्याकडे मुआबेत म्हणजे, ती म्हणाली,
दोन माणसं, एक टेबल,
आणि उठायची घाई नसणं.
तुमच्याकडे?
आमच्याकडे ते गाण्यांत असतं, मी म्हणालो.
अरेरे, म्हणाली, आणि पिशवी उचलली.

वर्षाचे जितके दिवस तितकी इथे देवळं,
असं बोटवाले पर्यटकांना सांगतात.
तिच्या वाट्याला एकच आलंय,
चार माणसं उभी राहिली की भरणारं.
किल्ली स्वयंपाकघरात, लसणाच्या माळेशेजारी.
आत गेलो. भिंतीवर संत,
आणि हात पोचेल तिथपर्यंत सगळ्यांचे डोळे खरवडलेले.
गाईड सांगतात, तुर्कांनी केलं.
माझी सासू सांगायची, आपल्याच बायकांनी.
डोळे आले पोराचे की यायच्या,
नखाने थोडा रंग काढायच्या, पाण्यात कालवायच्या.
बरे व्हायचे?
काहींचे, ती म्हणाली. संतांचे नाही झाले.

संध्याकाळी तळ्याकाठी.
पाणी इतकं नितळ की बोटीची सावली
बोटीपासून सुटून तळाशी वेगळी चालते.
पलीकडे डोंगर, अल्बानियाचे.
तिच्या लहानपणी तिकडे नुसती दुर्बीण रोखली तरी
घरी शिपाई यायचा.
आता तिकडून टरबुजं येतात.

वाम ठाऊक आहे का तुला, तिने विचारलं. मासा.
ठाऊक आहे म्हणालो. कालवणात.
ती इथे वाढायची, वीस-वीस वर्षं,
मग एके रात्री नदीत उतरायची,
नदीतून समुद्रात, समुद्रातून महासागरात,
पार पलीकडे, अंडी घालायला.
तिची पिल्लं वाट न विचारता परत यायची.
मग नदीवर धरणं झाली.
वीज आली, ते चांगलंच झालं.
आता पिल्लं दुसरीकडून आणतात, ट्रकमधून,
आणि इथे सोडतात.
मोठी होतात, जायची वेळ होते,
भिंतीशी जाऊन परत फिरतात.

बराच वेळ तिने चप्पलेतली वाळू झटकली.
मेतोदी गोथेनबर्गला असतो, म्हणाली.
लिफ्ट दुरुस्त करतो.
पुढे काही नाही. मुआबेत असाही असतो बहुधा.

किल्ला राहिला. सातांपैकी पाच खुणा राहिल्या.
नकाशावर कॉफीचं एक वर्तुळ उमटलंय,
नेमकं तळ्यावर नाही, थोडं बाजूला,
जिथे काहीच नाही तिथे.

चौथ्या दिवशी भट्टीवाल्याने
मला पाहताच दोन पाव गुंडाळले.
आज एकच द्या, मी म्हणालो,
दुसरा रोज तसाच राहतो, मी एवढं खात नाही.
तो थांबला, पिठाचे हात तसेच.
तो तुझा नसतो, म्हणाला.
सोळा वर्षं झाली, ती दोनच नेते.

मी दोन घेतले.
चढ होता. गरम होते ते, दोन्ही,
हात बदलत बदलत नेले.